टेंपरेचर आबा खिडकीबाहेर

अन्याय झाला तो टेंपरेचर आबांवर. यंदाच्या वैशाखात, अक्षय्य तृतीया झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, घनसावंगीच्या आमच्या अभ्यासिकेत, पस्तीस-चाळीस माणसांसमोर. अन्याय करणारी मी. पत्रक लिहिताना आम्ही दोषी कोण ते शेवटपर्यंत लपवून ठेवत नाही, म्हणून इथंही आधीच लिहून टाकलं.

टेंपरेचर आबा हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहू द्या. आबा साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. बॉयलरवरचे काटे बघायचे आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लॉगबुकात उतरवायचा, हे काम त्यांनी हयातभर केलं. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, पण हाताला ते कुणी सांगितलं नाही. हात पंधरा मिनिटं झाली की खिशाकडे जायचाच. खिशात छोटी वही, आणि कमरेला, पोलिसाच्या पिस्तुलासारखं, कोरोनाच्या दिवसांत कपाळावर रोखायचे ते टेंपरेचर मोजायचं यंत्र.

त्या यंत्रातून कुणी सुटलं नाही. चहा समोर आला की आधी त्यावर नेम. "एकाहत्तर. आजून दोन मिन्टं ठेव, जीभ भाजती." तवा, गाडीची टाकी, चौकातली विजेची डीपी, शाळेतून येणारी पोरं, सगळ्यांची नोंद. एकदा अभ्यासिका समितीचे अध्यक्ष भाषण करत असताना आबांनी मागच्या बाकावरून त्यांच्या टकलावर नेम धरला आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "चौतीस. पंख्याखाली हायेत म्हणून. न्हाईतर येवढं बोलल्यावर चाळीस पायजे." शेजारचा हसला, त्याला अध्यक्षांनी बाहेर काढलं. आबा मात्र गंभीर चेहऱ्यानं आकडा लिहीत बसले होते.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे एक प्रश्न. काहीही बिघडलं, तुमची गाडी, तुमचं पोट, तुमचं घर, तरी आबा एकच विचारायचे. "काल चालत होतं ना? मंग काल आन् आजच्या मधी काय बदललं?" चहावाल्याची पोटदुखी त्यांनी अशीच पकडली. त्यानं गाळणं बदललं नव्हतं, दूध बदललं नव्हतं, पण दुपारची झोप मात्र नव्या उशीवर पालथं झोपून सुरू केली होती. शेजारची सून रुसून माहेरी गेली, तेव्हाही आबा तिच्या नवऱ्याला हेच विचारत बसले. तो बिचारा म्हणत होता, "काहीच बदललं न्हाई आबा." आबा म्हणाले, "तेच तर झालं नसंल? लग्नात सांगितलेलं काही बदलायचं राह्यलं का?" ते खरं निघालं. वेगळ्या खोलीचं वचन होतं.

आणि नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जेवणातही. केदारखेड्याला त्यांच्या साडूच्या घरचं लग्न होतं, तिथं पंगतीत आबांनी आधी नुसती जिलबी खाल्ली आणि थांबले. वाढपी भात घेऊन उभा. आबा म्हणाले, "थांब. जिलबी काय म्हणती बघू दे." मागची पंगत माणसांच्या पाठीला पाय लावून उभी, आचारी वैतागलेला, नवरीचा मामा हात जोडतोय, आणि आबा शांतपणे पोटाचा निकाल ऐकताहेत. "उद्या पोट बिघडलं तर मी कोणाचं नाव घेऊ? जिलबीचं का मठ्ठ्याचं?" या लग्नाची तारीख लक्षात ठेवायची गरज नाही, वार ठेवा. रविवार.

आता कॉम्प्युटर. आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची पोरं, तलाठ्याच्या परीक्षेची पोरी, आणि आम्ही, म्हणजे गावाच्या मागण्यांची पत्रकं काढणारे, अशी सगळी एका खोलीत बसतो. इथून शिकून पुण्याला गेलेल्या एकानं आपला जुना डेस्कटॉप अभ्यासिकेला दिला. चांगला होता, पण आमच्या कामाला मंद. नकाशा उघडला की चहा पिऊन यावं, व्हिडिओ जोडायला लावला की जेवून यावं. किल्ली आबांकडे होती. कारखान्याचा भोंगा बंद झाला तरी आबा त्याच वेळेला उठायचे आणि सकाळी सहाला अभ्यासिका उघडायचे. दिवसभर त्या डब्याशेजारी बसायचे. कॉम्प्युटरचं सगळं ते मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघून शिकले, तेही आवाज बंद करून. "त्यांचं बोलनं फास्ट हाय, हात स्लो हाय. मी हात बघतो."

एक दिवस त्यांनी जाहीर केलं की याला ओव्हरक्लॉक करायचा. म्हणजे कंपनीनं प्रोसेसरला जो वेग बांधून दिलाय त्याहून जादा पळवायचा. मी म्हणाले, "असं चालतं का? कंपनीनं काही विचार करूनच वेग दिला असेल ना?"

"पुढारीणबाई," आबा म्हणाले. मला ते पुढारीणबाईच म्हणतात. "कारखान्याचं मशीन कागदावर अडीच हजार टनाचं आसतंय. सीझनला तीन हजार गाळतंय का न्हाई? गाळतंय. फक्त वाफ बराबर पुरली पायजे आन् बेअरिंग गार राह्यली पायजे. इथं वाफ म्हंजी व्होल्टेज. बेअरिंग म्हंजी हे." आणि त्यांनी डब्याची बाजू उघडून प्रोसेसरवरचा कूलर दाखवला. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत, तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि बाजूला पंखा. पाणी नाही, गॅस नाही. गार करायचं ते हवेनंच.

संक्रांतीनंतर सुरू केलं. वेग एक टप्पा वाढवायचा, मग प्रोसेसरला घाम फोडणारी एक टेस्ट असते ती तासभर चालवायची, टेंपरेचर लिहायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी पुढचा टप्पा. हँग झालं की किंचित व्होल्टेज वाढवून बघायचं. वेग आणि व्होल्टेज एकाच दिवशी कधीच नाही. माघात आमचा कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या तर आबा म्हणाले, "थंडीत पळालं ते काय पळनं न्हाई. वैशाखात पळालं तर बोला." आणि खरंच, खोली चाळिशीला टेकली तेव्हा त्यांनी आपणहून एक टप्पा खाली घेतला. प्रोसेसर ऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नाही ही त्यांची हद्द. पोरं कुरकुरली. "उन्हात मानूस बी कमी पळतो, त्याला काही कोणी बोलत न्हाई," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

याच उन्हाळ्यातला समितीच्या सचिवांचा पराक्रम सांगायलाच पाहिजे. आबांनी त्यांना कौतुकानं सांगितलं होतं की हा कॉम्प्युटर एअर कूलिंगवर चालतो. सचिव मनाचे चांगले. त्यांनी घरचा वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर हमालाच्या डोक्यावर देऊन आणला, त्यात दोन हंडे पाणी ओतलं आणि तोंड कॉम्प्युटरकडे करून लावून दिला. आबा लघवीला गेले होते. परत येऊन बघतात तर डब्यावर पाण्याचे तुषार उडालेले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पळताना बघितलं. प्लग उपटला आणि खाली बसले. सचिव म्हणाले, "काहून? तुम्हीच म्हनले ना एअर कूलर पायजे?" आबांनी आधी घड्याळ बघितलं. मग वहीत लिहिलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "दुपारी एक वीस. सचिवांनी मशीनला अंघोळ घातली. दोन दिवस सुकू देने."

तर अशा माणसावर मी अन्याय केला. कसा, ते ऐका.

कुंभार पिंपळगावकडून कॉलेजला येणाऱ्या मुली काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर बसून येतात. सकाळी साडेनऊला त्यांच्यासाठी एक बस असावी, ही आमची मागणी. त्यासाठी आम्ही अकरा मिनिटांची फिल्म केली होती. मंगळवारी दुपारी अडीचला एसटीचे एक साहेब ती बघायला अभ्यासिकेत येणार होते. आबा शनिवारीच केदारखेड्याच्या लग्नाला गेले, मंगळवारी सकाळच्या गाडीनं येणार होते. जाताना किल्ली मला दिली.

रविवारी मला एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी मिळाली. मोफत. मी आबांच्या मोबाइलवर दहा वेळा बघितलं होतं, पट्टी कशी बसवतात ते. बाजू उघडली, पट्टी खाचेत दाबली, टक् आवाज आला. मेमरी आठ जीबीची सोळा दिसायला लागली. मी पट्टीला हळद-कुंकूसुद्धा लावलं असतं, पण आबांनी आतल्या कुठल्याही वस्तूला कुंकू लावायला बंदी केली होती. त्यांना विचारायला फोन केला नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी आठ दिवस चाचणी घेतली असती.

सोमवारी फिल्म जोडताना कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं. मंगळवारी आबा आले, किल्ली परत घेतली आणि सामानाची पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाले, "मी गेल्तो तवापासून काय बदललं?"

"काहीच नाही आबा," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही, आणि तेच वाईट आहे. मला खरंच आठवलं नाही. काढणं, मोडणं, हरवणं, याला मी बदल समजत होते. मी तर भर घातली होती.

दोन चाळीसला, फिल्ममध्ये जीपच्या फळीवरची मुलगी बोलायला तोंड उघडते आणि पडद्यावर निळा स्क्रीन. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा. साहेब घड्याळ बघायला लागले. मी उठून उभी राहिले. मला भाषण येतं, दुर्दैवानं. मी बोट आबांकडे केलं आणि म्हणाले, "कंपनीनं दिलेला वेग ज्यांना पुरत नाही, त्यांच्या हौसेपायी आज या मुलींचा आवाज बंद पडला आहे. सार्वजनिक वस्तू म्हणजे कुणाचं खेळणं नाही." टाळ्या पडल्या. आबा वही हातात धरून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "टेंपरेचर किती होतं बघितलं का कोनी?" लोक हसले.

साहेबांनी पुढच्या सोमवारी पुन्हा येतो म्हणून सांगितलं. मी पाच वाजेपर्यंत समितीला पत्र लिहिलं आणि सात वाजेपर्यंत एकतीस सह्या घेतल्या. त्यात पहिली माझी. बाकीच्यांत वाचून सही करणारे किती, ते तुम्हीच सांगा. एकानं तर गॅसच्या नोंदणीचा कागद समजून सही केली आणि वर सिलिंडर कधी येईल म्हणून विचारलं.

बुधवारी सचिवांनी किल्ली काढून घेतली आणि अभ्यासिकेच्या आत पाऊल ठेवायचं नाही असा लेखी हुकूम दिला. आबांनी हुकूम वाचला, घडी घातली, वहीत लिहिलं, "दहा पाच. किल्ली सचिवांकडं दिली. खोली एकोणचाळीस." आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते बंद दारासमोर दिसले, असं दूधवाल्यानं सांगितलं. उठल्यावर पाय आपोआप तिकडे वळले असतील. मग बराच वेळ ते कुठं जावं ते न कळून चौकातल्या डीपीचं टेंपरेचर घेत होते म्हणे.

गुरुवारपर्यंत कॉम्प्युटर सहा वेळा मेला. जालन्याच्या एका दुकानदारानं फोनवरच बोर्ड गेला म्हणून सांगून टाकलं. शुक्रवारी सकाळी मी डोकं धरून बसले होते, तर मागच्या खिडकीच्या गजांवर टकटक. बाहेर आबा, डोक्यावर काळी छत्री.

"पुढारीणबाई, मरून राह्यलं का आजून?"

"आबा, तुम्हाला आत यायला बंदी आहे."

"मंग मी कुठं आत हाय? गज मोज."

मी गज मोजले नाहीत. पण खुर्ची खिडकीपाशी ओढली, कारण सोमवार जवळ आला होता आणि माझी तत्त्वं मागच्या दारानं निघून गेली होती. म्हणाले, "आबा, तुमचा सगळा ओव्हरक्लॉक काढून टाकू का? सगळंच कंपनीसारखं करून टाकू."

"सगळं एकदम बिलकुल न्हाई. समज चालू झालं, तर कशामुळं झालं ते कळन का? फक्त प्रोसेसरची चाल कंपनीची कर. बाकी हात लावू नको."

त्यांनी गजाबाहेरून बटणं सांगितली, मी आत दाबली. प्रोसेसर कंपनीच्या वेगावर आला. फिल्म जोडायला लावली. आठव्या मिनिटाला निळा स्क्रीन.

मला रडू आलं. आबा मात्र छत्रीखाली हसायला लागले. "टेंपरेचर किती होतं मरताना?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्टला मेलं. उन्हानं न्हाई मेलं, आन् पळून पळून बी न्हाई मेलं. चालता चालता मेलं. तुझं पत्र खोटं पडलं बघ." हे ते अशा आनंदानं म्हणाले की जणू माझंच अभिनंदन करत होते. "स्टॅबिलायझरचा काटा?"

"दोनशे वीस."

"बराबर. आता मेमरीची पट्टी काढ, पुस आन् परत बसव."

"कोणती?"

"कोनती म्हंजी? एकच तर हाय."

मी डब्यात बोट घालून मोजल्या. मग म्हणाले, "दोन आहेत आबा."

छत्री हलायची थांबली. "कवा?"

"रविवारी."

"किती वाजता?"

"साडेअकरा असतील."

आबांनी वही काढली, लिहिलं, आणि विचार करून म्हणाले, "मी तवा जिलबीवर होतो."

मी चूक झाली, माफ करा, असं काहीतरी बोलायला लागले. त्यांनी हात वर केला. "ते मागून. आधी खात्री. पट्टी काढून चालव. चाललं, तर परत घालून चालव. परत मेलं पायजे. तवा ती दोषी. एकदा मेल्यावर कोनाला पकडायचं नसतं."

काढली, फिल्म सरळ निघाली. घातली, मेलं. काढली, निघाली. आबांनी मग समजावलं. मेमरीलाही त्यांनी हातानं वेग ठरवून दिला होता, तो जुन्या पट्टीला झेपत होता. नवी पट्टी हळू चालीची. "एका जुवाला एक पळता बैल आन् एक रेंगाळता जुंपला तू. वर म्हनली गाडीवान वाईट." शनिवारी त्यांनी खिडकीतूनच प्रोसेसर पुन्हा टप्प्याटप्प्यानं वर नेला, प्रत्येक टप्प्याला तासभर चाचणी. दिवसभर उन्हात उभे. मी आतून पाणी द्यायचे, ते आधी पाण्यावर नेम धरायचे. सोमवारी साहेबांनी पूर्ण अकरा मिनिटं फिल्म बघितली, कॉम्प्युटर जादा वेगावर पळत असताना. बस अजून सुरू व्हायची आहे, तिचं पत्रक वेगळं निघेल.

त्याच संध्याकाळी मी समितीकडे गेले. सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. सचिव म्हणाले, "पोरी, निर्णय एकतीस सह्यांवर झाला. तू न्हाई म्हनली तर तीस राहतात."

म्हणून मी दारोदार फिरले. दहा जणांनी सही मागे घेतली, माझी धरून अकरा. बाकीच्यांची उत्तरं लिहून ठेवली आहेत. एक म्हणाले, सही माझी नाहीच. एक म्हणाले, बघू, दिवाळीनंतर. आणि एका शहाण्यानं सांगितलं, "आबा खिडकीतून शिकवतात की, काय अडलं कोनाचं?"

कुणाचं काही अडलं नाही, खरं आहे. भरतीची पोरं आतून प्रश्न विचारतात, आबा बाहेरून उत्तर देतात. कॉम्प्युटर झकास पळतो. आबा हसतात, चेष्टा करतात, गजातून आत बोट घालून चूक दाखवतात. तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. पण ज्या माणसानं ती खोली सहा वर्षं सकाळी सहाला उघडली, तो आज तिच्या मागच्या भिंतीला उन्हात उभा राहतो, आणि आपण सावलीत बसून म्हणतो की काय अडलं. याला मी सोय म्हणणार नाही. याला मी निर्लज्जपणा म्हणते, आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली, हेही म्हणते.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता समितीची बैठक आहे. तुम्ही उरलेले वीस जण कोण, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. या. सह्या मागे घेण्याचा अर्ज मी लिहून आणते, साध्या मराठीत, एक पान. तो आधी वाचा. मग सही करा, आणि किल्ली त्यांच्या हातात पडेपर्यंत उठू नका.